पॅनेल उन्हात, डबा सावलीत

१५ एप्रिल

गोणपाट उचललं. खाली सोलर पॅनेल, ओलंचिंब. डब्यातली बॅटरी उतरलेली. आत अंगणवाडीत टॅबलेट नऊ टक्क्यांवर होता, आणि खुर्चीवर एक मुलगा कानांना हेडफोन लावून, बोट वर करायच्या तयारीत, माझी वाट पाहत होता.

"हे कोणी झाकलं?"

सुंदराबाई हातात झारा घेऊन बाहेर आली. ती इथली मदतनीस. खिचडी तिच्याकडे असते.

"म्या झाकलं. एवढी महागाची काच, उन्हानं तडकली असती. पानी मारलं अन् गोणपाट टाकलं."

"ती उन्हात ठेवण्यासाठीच आहे."

"असन. पन एवढ्या उन्हात आमी बकरीबी बांधत नाई, मॅडम."

माझे अब्बा चार हातांवर कडुलिंबाखाली बसले होते. पॅनेलवर लक्ष ठेवणं हे त्यांचं एकमेव काम. बाई पाठीमागून आली, पत्ताच लागला नाही, म्हणाले. सुंदराबाईच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या आहेत. तिने हापशावर बादली भरली, गोणपाट पिळलं, झाकलं. पत्ता लागला नाही.

तीन मुलं परत पाठवली.

नोंद ठेवायची तर मुळापासून ठेवावी. मी मुलांचे कान तपासते. टॅबलेटमधून स्वर सोडायचा, मुलाला ऐकू आला तर त्याने बोट वर करायचं. पाचशे हर्ट्झचा स्वर जाड, आठ हजारांचा अगदी बारीक. त्यासाठी शांतता लागते. चांदूर बाजारच्या पुढच्या या गावात लाइन असली की कुलर चालतात, पिठाची गिरणी चालते, टीव्ही चालतात. अकरा ते दोन लाइन जाते. तेवढाच वेळ गाव गप्प बसतं. म्हणजे ज्या वेळी काम होऊ शकतं त्याच वेळी चार्जिंग होऊ शकत नाही. टॅबलेट जुना आहे, भरलेला असला तरी पन्नास मिनिटं टिकतो. संस्थेला तीनदा लिहिलं. उत्तर आलं: पॉवर बँक वापरावी.

पॉवर बँक पहिल्याच दिवशी तापून बंद पडली. चव्वेचाळीस अंश होते.

१६ एप्रिल

डबा अब्बांनी केला आहे. त्यांनी चाळीस वर्षं अचलपुरात कुलर बनवले, पत्रा स्वतः ठोकला. दोन वर्षांपूर्वी दुकान पुतण्याकडे, फरदीनकडे दिलं. फरदीन म्हणतो, चाचांचं गिऱ्हाइकाशी पटेनासं झालं होतं. मला आश्चर्य वाटलं नाही.

डब्यात बारा व्होल्टची बॅटरी, बाहेर पॅनेल, आणि एक लांब वायर जी खिडकीच्या फटीतून माझ्या टेबलापर्यंत येते. बॅटरी तापली तर एक बझर वाजतो, पण खिडक्या बंद असल्या की मला तो आत ऐकू येत नाही. वाजला की डबा सावलीत ओढायचा. ओढला नाही तर दहा मिनिटांत चार्जिंग आपोआप बंद; बझर आणखी बराच वेळ वाजतो, मग तोही गप्प. व्यवस्था चांगली आहे, हे मान्य केलं पाहिजे. इथे ज्या गोष्टीची कमतरता नाही ती म्हणजे ऊन, आणि तेच ऊन बॅटरीला सोसत नाही. पॅनेल उन्हात, डबा सावलीत. कडुलिंबाची सावली सरकते, तसा डबा सरकवायचा. एवढंच.

आज साडेबाराला टॅबलेट बंद पडला. बाहेर आले. सावली निघून गेलेली, डबा उन्हात, झाकणाला हात लावता येईना. अब्बा शेजारी बसून वायरीला टेप गुंडाळत होते.

"बझर वाजला नाही?"

"अं?"

"बझर."

"नाई वाजला."

मी बटण दाबून पाहिलं. कानात सुई गेल्यासारखा वाजला. अब्बांनी त्याच्यावर बोट ठेवलं, क्षणभर थांबले, म्हणाले, "आता वाजून राहिला." घरी जोडणी केली तेव्हाही त्यांनी असंच बोट ठेवून पाहिलं होतं. जुन्या मिस्त्रीची सवय.

मला वाटतं त्यांना डुलकी लागली होती. तसं सांगितलं असतं तर मी रागावले नसते.

अब्बा घरी उर्दू बोलतात, बाहेर निघाले की माझ्याशीही वऱ्हाडीच. मराठी त्यांना वाचता येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिते.

१८ एप्रिल

अकोल्याला संस्थेची बैठक. पंचेचाळीस अंश. साहेबांच्या मागे दोन कुलर, आम्ही बाया थेट कुलरच्या झोतात. संध्याकाळपर्यंत नाक बंद, दोन्ही कान बंद.

बैठकीतून निघालं ते एवढंच: श्रवणयंत्रं द्यायच्या मुलांची यादी २५ तारखेला दुपारी बाराला बंद होणार. त्यानंतरची यादी दिवाळीत. प्रत्येक नावासोबत चाचणीच्या दिवशीच्या यंत्रतपासणीचा कागद हवा. तपासणी म्हणजे रोज सकाळी, मुलं यायच्या आधी, ज्याचे कान चांगले आहेत अशा माणसाने हेडफोन लावून सगळे स्वर ऐकायचे. एखादा आला नाही तर यंत्रात दोष. मग आदल्या दिवसाच्या चाचण्याही रद्द धरायच्या.

मी विचारलं, टॅबलेटला चांगली बॅटरी मिळेल का. साहेब म्हणाले, तुमच्या वडिलांच्या डब्याचं फार कौतुक ऐकलं. सगळे हसले.

१९ एप्रिल

कान बंदच. माझं मलाच चार हजार नीट येईना, त्यामुळे यंत्राची तपासणी अब्बांवर केली. समोर बसवलं. प्रत्येक स्वराला बोट वर आलं, एकही चुकला नाही. टेबलावर वाकून माझ्या हाताकडे टक लावून बसले होते, शाळेतल्या मुलासारखे. कागदावर 'योग्य' लिहिलं.

अकरा मुलं झाली. त्यांत आचल, वय सहा. पाचशे आला, हजार आला. दोन हजार मोठा केल्यावर आला. चार हजार नाही, आठ हजार नाही. दोन्ही कान.

तिची आई चंदा दारात उभी होती.

"तिले ऐकू येते, मॅडम. ट्रॅक्टर आला का पयते. म्हैस ओरडली का सांगते. म्या बलावलं का मात्र नाई. मुद्दाम करते. हट्टी हाय, बापावर गेली."

"मुद्दाम करत नाही. जाड आवाज येतात तिला, बारीक येत नाहीत. बोलण्यातले अर्धे आवाज बारीक असतात. ती तुमचं तोंड पाहून अंदाज करते."

"अन् मी पाठीमागून हाक मारली त?"

"तर तिच्यासाठी तुम्ही नाहीच."

चंदाने आचलकडे पाहिलं. मग म्हणाली, "मारलं हो मी तिले. लय वेळा."

जूनमध्ये आचल पहिलीत जाईल. यंत्र मिळालं तर बाई काय सांगतात ते कळेल. दिवाळीपर्यंत थांबली तर तोवर वर्गात ती ढ ठरलेली असेल. एकदा ठरलं की बदलत नाही. मी पाहिलं आहे. उद्या नाव पाठवते.

जाता जाता: आज मी खिडकीतून अब्बांना तीनदा ओरडून सांगितलं की डबा हलवा. पाठ करून बसले होते. वळलेसुद्धा नाहीत. शेवटी चाचणी सोडून मीच गेले. वय झालं की हट्ट वाढतो.

२० एप्रिल

सगळं वाया गेलं.

नियमाप्रमाणे ऐकणाऱ्याने पडद्याकडे पाहायचं नसतं. काल घाईत राहून गेलं होतं. आज अब्बांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. पाचशे: बोट. हजार: बोट. दोन हजार: उशिरा. चार हजार: नाही. आवाज वाढवला. नाही. आठ हजार: नाही. दुसरा कान: तेच.

"वाजवून राहिली का?" अब्बांनी भिंतीला विचारलं.

"वाजवते आहे."

"मंग बिघडलं तुझं यंत्र. काई येत नाई."

हेडफोनची पिन काढून पुसली, पुन्हा लावली. तेच. माझे कान अजून बंद. सुंदराबाईला बोलावलं, म्हटलं तुम्ही ऐकून पाहा.

"माह्यानं होईन का? मी त फक्त चौथी शिकेल हावो."

"बोट वर करायचं आहे, परीक्षा नाही."

तिने पदर सावरून हेडफोन घातला आणि टॅबलेट बंद पडला. बाहेर डबा उन्हात. अब्बा आत माझ्यासमोर होते, त्यामुळे आज त्यांना दोष देता येत नाही. फार चिडचिड झाली.

सुंदराबाई म्हणाली, "वाजून राहिला होता ना तो डबा. मले वाटलं चार्जिंग होऊन राहिलं म्हून वाजते. चार दिवसाआधीबी लय वाजला."

चार दिवसांआधी म्हणजे सोळाला. त्या दिवशी अब्बा म्हणाले होते वाजला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. चूक झाली तर चूक म्हणावं. खोटं कशाला?

कालच्या अकरा चाचण्या रद्द. आचलचीही.

२१ एप्रिल

अमरावती. परतवाड्याहून एसटीने दोन तास, उभ्याने. हेडफोन संस्थेच्या तंत्रज्ञाला, ओमप्रकाशला दाखवला. त्याने मोजयंत्रावर लावला, चहा मागवला, चहा यायच्या आत उत्तर दिलं.

"एकदम ओके आहे. नवा असल्यासारखा."

"चार हजार येत नाही त्यात."

"इथं येऊन राहिला. हा काटा पाहा."

"मग तिथे का येत नाही?"

"काय लावता तुमी टॅबलेटले? कुलरची बॅटरी?" तो हसला. "करंट कमी-जास्त होत असन, आवाज पडत असन. नक्की नाई सांगता येत. ऐकलं कोनं पन?"

"माझ्या वडिलांनी."

"अच्छा." त्याने चहा ओतला. "वय काय त्यांचं?"

"एकोणसत्तर. का?"

"काई नाई. या उन्हात फिरवून राहिल्या म्हून इचारलं."

म्हणजे दोष डब्याचा. मला वाटतच होतं.

२२ एप्रिल

घरी. अब्बांना सांगितलं की हेडफोन ठीक आहे, तुमची बॅटरी खराब आहे, आणि त्यामुळे अकरा मुलांच्या चाचण्या गेल्या. ते जमिनीवर बसून पॅनेलची काच पुसत होते. मान वर केली नाही. मी म्हणाले, चाळीस वर्षं कुलर केले, एक बॅटरी सांभाळता येत नाही? मी म्हणाले, झोप लागते तर सांगा, मी दुसऱ्या कोणाला नेईन. बरंच बोलले. स्वयंपाकघरातून बोलत होते, हात पिठात होते.

बाहेर आले तेव्हा ते हसून म्हणाले, "देखो, कैसी चमक रही है."

ते ओरडले असते तर परवडलं असतं.

दुपारी नवी बॅटरी आणली. रंग लाल आहे. अब्बांचं म्हणणं, जुनीत काही दोष नव्हता.

२३ एप्रिल

नाक मोकळं झालं, कानही. यंत्राची तपासणी स्वतःवर केली. सगळे स्वर आले, आठ हजारसुद्धा स्वच्छ. नव्या बॅटरीचा गुण. अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

अकरापैकी दहा मुलांच्या चाचण्या पुन्हा झाल्या. आचल आली नाही. चंदा तिला घेऊन वलगावला लग्नाला गेली आहे. सुंदराबाईने फोन लावून दिला. मांडवात बँड वाजत होता.

"उद्या येतो, मॅडम, उद्या. आज हळद हाय."

"परवा बाराला यादी बंद होते."

"काय मनता?"

"परवा बारा!"

"बारा वाजता येतो, बरं बरं."

फोन बंद. वलगावहून या गावाला थेट बस नाही. हे सगळं मी कोणासाठी करते आहे ते कधी कधी आठवावं लागतं.

सुंदराबाई म्हणाली, "येईन ते. पोरीसाठी काल रडत होती माह्यापाशी." मग म्हणाली, "तुमचे अब्बा लय चांगले हायेत. बोलतात कमी. म्या इचारलं, चाचा, मटन खाता का, त म्हने हो, एकच पोरगी."

"मस्करी करत असतील."

"असन," सुंदराबाई म्हणाली.

मी एकटीच मुलगी आहे. कोणाशी कशावर बोलावं याचं भान त्यांना कधीच नव्हतं.

२४ एप्रिल

आचल साडेबाराला आली. नवा फ्रॉक, हातांवर मेंदी, उन्हाने तोंड लाल. लगेच बसवून उपयोग नव्हता. सुंदराबाईने तिला पाणी दिलं, खिचडी दिली, आणि कडुलिंबाखाली अब्बांपाशी सोडलं. मी सकाळपासून एकही चाचणी घेतली नव्हती. टॅबलेट तिच्यासाठी राखून ठेवला होता. वायर जोडलेली, चार्जिंगचा बाण हिरवा. खिडक्या लावून घेतल्या, टॅबलेट चालू करून तिचा कागद तयार केला.

एक वाजून दहा मिनिटांनी पाहिलं. हिरवा बाण नव्हता. सहा टक्के.

मी बाहेर गेले ते ओरडायच्या तयारीनेच.

बझर वाजत होता. डबा पूर्ण उन्हात, अब्बांच्या गुडघ्यापासून हातभर. सुंदराबाई स्वयंपाकघराच्या दारात आली, दोन्ही कानांवर हात.

"अवो बंद करा ना ते! डोक्यात जाऊन राहिलं!"

अब्बा आणि आचल समोरासमोर मांडी घालून बसले होते. मधे चिंचोके. आचलने मूठभर उडवले, उलट्या हातावर तीन झेलले, चौथा पडला. अब्बांनी बोट नाचवून तिला बाद केलं. ती हसली. तेही हसले. बझर वाजतच होता. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.

मी तिथेच थांबले.  सुंदराबाई माझ्या बाजूने पुढे गेली आणि पायाने डबा सावलीत सरकवला. तेव्हा अब्बांना डबा हलताना दिसला. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाई वाजला," ते म्हणाले.

सुंदराबाईने तोंड उघडलं. मी तिला हाताने थांबवलं.

"नाही वाजला, अब्बा," मी म्हणाले. त्यांच्यासमोर उकिडवी बसून म्हणाले.

बॅटरी निवून टॅबलेट भरायच्या आत दोन वाजता लाइन आली. कुलर सुरू झाले, गिरणी सुरू झाली. चाचणी होणं शक्य नव्हतं. शेवटची एसटी आम्ही सोडली. सुंदराबाई म्हणाली तिच्याकडे राहा, पहाटे गाव शांत असते, शेजाऱ्यांचे कुलर ती बंद करायला लावेल. टॅबलेट तिच्या देवळीतल्या प्लगला लावला आहे. शेजारी बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्या नवऱ्याचा चार्जर.

अब्बा अंगणात खाटेवर पडले आहेत. मी उशाकडून हाक मारली. मग पायथ्याशी जाऊन मारली, तेव्हा म्हणाले, "काय, बेटा?"

काही नाही म्हटलं.

या वहीची मागची पानं वाचली. काही खोडलं नाही.

२५ एप्रिल

सुंदराबाईने सात घरांचे कुलर बंद करवले. सहा वाजता माझ्या कानावर यंत्राची तपासणी, सगळे स्वर आले. सहा वीसला आचलची चाचणी. निकाल १९ तारखेचाच. सात वाजता तिचं नाव आणि दोन्ही कागद अकोल्याला पाठवले. साडेदहाला पोच आली.

सातच्या आधी, कुलर बंद असतानाच, अब्बांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. दोन हजारला बोट उशिरा वर आलं. चार हजारला आलं नाही. आठ हजारला आलं नाही. दुसरा कान तसाच.

"अजून बिघडेलच हाय," ते म्हणाले.

डबा जोडलेला नव्हता, टॅबलेट एकोणनव्वद टक्क्यांवर होता.